सराव पाहायला शिका: बर्फावरच्या हॉकीत मुलांचा संघ कसा सुधारतो ते ओळखण्यासाठी नव्या पालकांना मार्गदर्शन

हॉकी म्हटले की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांसमोर ध्यानचंद उभे राहतात. कॅनडात मात्र ‘हॉकी’ या शब्दाचा अर्थ बर्फावरची हॉकी असाच घेतला जातो आणि मैदानावरच्या खेळाला वेगळे विशेषण जोडावे लागते. ऑन्टारिओ प्रांतातल्या मिसिसागा, ब्रॅम्प्टन, मिल्टन या भागांत स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुले दुसऱ्या-तिसऱ्या हिवाळ्यात शाळेतल्या मित्रांचे पाहून ‘मलाही खेळायचे आहे’ असा हट्ट धरतात. मग ज्या खेळातले आपल्याला काहीच कळत नाही, त्याच्या रिंकवर आईवडिलांना आठवड्यातून दोनदा कुडकुडत बसावे लागते. माझा मुलगा आठव्या वर्षी खेळू लागला आणि त्याला आता पाच हंगाम झाले. या पाच हंगामांत मला एक गोष्ट पक्की कळली: संघ सुधारतो आहे की नाही, हे सामन्यात जवळजवळ दिसत नाही, ते सरावात दिसते. मात्र ते दिसण्यासाठी आपली नजर तयार करावी लागते, आणि ती कशी करावी हे पुढे टप्प्याटप्प्याने सांगितले आहे.

सामन्यावरून अंदाज का बांधू नये, हे आधी समजून घ्या. हाउस लीगच्या, म्हणजे निवड चाचणीशिवाय खेळता येणाऱ्या स्थानिक स्पर्धेच्या, एखाद्या संघात गोलरक्षक सोडून पंधरा मुले असतील, तर एका वेळी त्यांतली पाचच बर्फावर असतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सामन्याचा एक तृतीयांश वेळ येतो. त्या वेळातही पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, तुमच्या मुलाच्या स्टिकवर किती सेकंद राहतो, हे एकदा मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजून पाहा. माझ्या मुलाच्या पहिल्या हंगामात मी मोजले, तेव्हा संपूर्ण सामन्याची बेरीज एका मिनिटापर्यंतही पोहोचली नव्हती. सरावाच्या पन्नास मिनिटांत तोच मुलगा शंभर वेळा थांबतो, शंभर वेळा वळतो आणि पक कितीतरी वेळा चुकवून पुन्हा मिळवतो. शिकणे तिथे घडते.

नोंदणी आणि सामान

हॉकी कॅनडा या राष्ट्रीय संघटनेच्या रचनेत वयोगट यू७ (सात वर्षांखालील), यू९, यू११, यू१३ असे वाढत जातात आणि ३१ डिसेंबरला पूर्ण होणाऱ्या वयावरून मुलाचा गट ठरतो. नवशिक्याने हाउस लीगमध्येच नाव नोंदवावे. निवड चाचणी देऊन मिळणारे ‘रेप’ संघ, त्यांचे दूरदूरचे प्रवास आणि त्यांचा खर्च यांचा विचार दोन-तीन वर्षांनी करता येतो. मुलींना मुलांबरोबरही खेळता येते आणि मुलींचे स्वतंत्र संघही असतात. ऑन्टारिओत नोंदणी करताना किमान एका पालकाला खेळातील सन्मानपूर्वक वर्तनाचा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, आणि ‘रोवनचा कायदा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार डोक्याला होणाऱ्या आघाताविषयीची माहिती वाचून तशी पोच द्यावी लागते. ही माहिती नुसती सही करून बाजूला ठेवू नका. मुलाचे डोके आपटले आणि त्यानंतर त्याला मळमळले, गरगरले किंवा उजेड सहन होईना, तर त्याला त्या क्षणी बर्फावरून बाहेर काढायचे आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय परत पाठवायचे नाही.

पुण्याहून आजी फोनवर पहिला प्रश्न मारामारीचाच विचारते. तिला खात्रीने सांगा की २०१३ सालापासून कॅनडात यू१३ गटापर्यंत अंगावर धडकून अडवण्यास पूर्ण बंदी आहे.

सामान घेताना आपल्या लोकांकडून दोन चुका हमखास होतात. थंडी वाजेल म्हणून आपण मुलाला लोकरीचे जाड मोजे घालतो आणि पाय वाढेल म्हणून एक माप मोठे स्केट घेतो. या दोन्ही गोष्टींमुळे पाय बुटात हलतो, घोटा आतल्या बाजूला कलतो आणि मूल महिनाभर तसेच लटपटत राहते. स्केटचे माप रोजच्या बुटापेक्षा साधारण एक ते दीड अंकाने लहान असते आणि आत एकच पातळ मोजा पुरतो. नाडी घोट्यापाशी घट्ट आणि बोटांपाशी थोडी सैल असावी. हेल्मेट नवे घ्यावे, त्यावर मान्यतेची खूण आणि पुढे जाळी हवी, आणि मानेचा पट्टा विसरू नये. बाकीचे सामान वापरलेले घेतले तरी चालते. मुले दर वर्षी वाढतात, त्यामुळे जुन्या सामानाचा बाजार इथे चांगला आहे.

स्टिक निवडताना थोडा वेळ द्या. मैदानी हॉकीत सगळे खेळाडू डावा हात वर आणि उजवा खाली ठेवूनच स्टिक धरतात. बर्फावरच्या हॉकीत डावे आणि उजवे असे दोन वेगळे वळण असलेल्या स्टिका मिळतात आणि कोणताही हात वर चालतो. क्रिकेट खेळलेला उजवा फलंदाज बहुधा बॅट धरल्यासारखा उजवा हात खाली ठेवतो. दुकानात आपल्या मुलाला दोन्ही प्रकारच्या स्टिका देऊन जमिनीवर चेंडू ढकलायला सांगा आणि त्याचे हात आपोआप कुठे जातात ते पाहून निर्णय घ्या.

कुठे बसायचे आणि काय घेऊन जायचे

सरावाच्या वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचा. सगळे सामान अंगावर चढवायला नवशिक्या मुलाला वीस मिनिटे लागतात. त्यानंतर झांबोनी नावाची गाडी बर्फ गुळगुळीत करून बाहेर पडते, तिचे मोठे दार बंद होते आणि मग मुले आत जातात. अरीनाच्या, म्हणजे रिंकच्या इमारतीच्या, आतही चांगलीच थंडी असते, म्हणून जाड कोट, बुडाखाली घ्यायला एक घडीचे ब्लँकेट आणि थर्मासभर चहा न्यावा. त्यासोबत एक छोटी वही आणि पेन्सिल न्या. थंडीत बॉलपेन नीट चालत नाही.

पहिले दीड-दोन महिने बर्फाच्या पातळीवर, कोपऱ्यातल्या काचेपाशी उभे राहा, कारण तिथून स्केटच्या पात्यांचा आवाज ऐकू येतो. पुढे संघ म्हणून खेळ सुरू झाला की वर, मधल्या रेषेच्या समोर बसा, म्हणजे मुलांमधली अंतरे दिसतात. काच वाजवू नका आणि आपल्या मुलाला मराठीतूनही सूचना ओरडून सांगू नका. प्रशिक्षक एक सांगतो आहे आणि वडील दुसरे, अशा वेळी मूल दोघांकडे पाहत उभे राहते आणि पक त्याच्या समोरून निघून जातो.

वहीत प्रत्येक सरावासाठी एकच प्रश्न लिहावा, दहा नकोत. आज थांबणे पाहायचे आहे, तर फक्त थांबणेच पाहायचे.

पहिला टप्पा: पाय

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पकाकडे लक्षच देऊ नका. पडलेले मूल किती लवकर उठते, त्याचे गुडघे वाकलेले आहेत का आणि पात्यांचा आवाज कसा आहे, एवढेच पाहा. नवशिक्याची पाती बर्फावर खरडत जातात आणि तो कोरडा, तुटक आवाज दूरवर ऐकू येतो. मुलाला जसजसे पात्याच्या कडेवर तोलून धरता येऊ लागते, तसतसा हा आवाज लांब आणि खोल होतो, आणि प्रत्येक ढकलीनंतर क्षणभर शांतता ऐकू येते. पुढे डोळे मिटले तरी कोणते मूल सुधारले, हे तुम्हाला सांगता येईल.

पुण्यात किंवा ठाण्यात चाकांच्या स्केट्सवर शिकून आलेल्या मुलांना तोल सांभाळण्याचा मोठा फायदा होतो, पण त्यांचा अडथळा थांबण्यापाशी येतो. बर्फावर पाते आडवे करून, बर्फ खरवडत थांबायचे असते, आणि चाके अशी आडवी घसरत नसल्यामुळे ही क्रिया त्यांच्या पायांना पूर्णपणे नवी असते.

म्हणून थांबणे हीच पहिली मोजपट्टी धरा. जवळजवळ प्रत्येक मूल आधी एकाच बाजूने थांबायला शिकते आणि दुसरी बाजू टाळत राहते. आमच्या संघात पिवळ्या नाड्यांचे स्केट घालणारी एक लहानखुरी मुलगी होती. प्रशिक्षकांनी निळ्या रेषेपर्यंत वेगाने जाऊन थांबायचे आणि परत येऊन पुन्हा थांबायचे, असा सराव लावला होता आणि दोन्ही वेळा तोंड घड्याळाच्या भिंतीकडेच हवे, अशी अट घातली होती. या अटीमुळे एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे थांबावेच लागते. ही मुलगी जाताना छान थांबायची आणि येताना हळूच एक गोल वळसा घेऊन घड्याळाकडे तोंड करायची. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला, तरी तो वळसा कायम होता. डिसेंबरच्या एका शनिवारी सकाळी ती परत येताना अचानक दोन्ही पाय आडवे करून थांबली, पात्यांपुढे पांढऱ्या भुग्याची मूठभर रास जमली, आणि ती खाली वाकून त्या राशीकडे पाहत तशीच उभी राहिली. तिची आई त्या वेळी फोनमध्ये पाहत होती. मी तिला हाक मारून दाखवेपर्यंत रांग पुढे सरकली होती. म्हणूनच मी कळकळीने सांगतो, ही पन्नास मिनिटे फोन खिशात ठेवा.

वळण्याचेही असेच आहे. गोल वळताना बाहेरचा पाय आतल्या पायावरून टाकत जाणे डावीकडे जमते आणि उजवीकडे जमत नाही, किंवा याच्या उलट होते. वहीत दोन रकाने आखा, डावी आणि उजवी. हे दोन रकाने बरोबरीला येऊ लागले की मुलाचे पाय तयार होत आले, असे समजावे.

दुसरा टप्पा: हात आणि मान

सुमारे १७० ग्रॅम वजनाचा रबरी पक स्टिकवर ठेवून पुढे जाताना नवशिक्याची नजर खाली खिळलेली असते. सर्वांत लहान गटात यापेक्षा हलका, निळा पक देतात, पण मान तिथेही खालीच असते. इथे मोजायची गोष्ट म्हणजे, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाईपर्यंत मुलाने किती वेळा मान वर केली. प्रशिक्षक कधी मधे उभे राहून हाताची बोटे दाखवतात आणि ‘किती?’ असे विचारतात, तो सराव याचसाठी असतो.

पास देण्यापेक्षा पास घेणे अधिक बारकाईने पाहा. क्रिकेटमध्ये झेल घेताना हात किंचित मागे नेतात, तशीच स्टिक येणाऱ्या पकाबरोबर थोडी मागे जायला हवी. ताठ धरलेल्या स्टिकवरून पक टणकन उडून जातो, आणि मऊ धरलेल्या स्टिकवर तो बसका आवाज करून थांबतो. त्याआधीची पायरी म्हणजे पास येण्यापूर्वीच स्टिकचे पाते बर्फावर टेकवून ‘इथे दे’ असे दाखवणे. संघातल्या दहापैकी किती मुलांच्या स्टिका बर्फावर टेकलेल्या आहेत, हे कोणत्याही क्षणी मोजता येते.

तिसरा टप्पा: पकाशिवायची मुले

इथे बहुतेक पालक अडतात, आणि माझ्या मते हाच भाग सर्वांत सुंदर आहे. आपले डोळे पकाच्या मागे धावतात. ज्याच्याकडे पक आहे त्याला सोडून उरलेल्या चौघांकडे पाहायची सवय लावून घ्या. हंगामाच्या सुरुवातीला ही चौघे गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तशी पकाभोवती जमतात. डिसेंबरच्या आसपास एखादे मूल त्या गर्दीत न शिरता बाहेर थांबते, रिकामी जागा शोधून तिथे उभे राहते आणि स्टिक टेकवते. त्याला पक बहुधा मिळत नाही, कारण आतल्या मुलाने अजून मान वर केलेली नसते, आणि तरीही पालकाच्या दृष्टीने हा त्या आठवड्यातला सर्वांत मोठा क्षण असतो. हा क्षण तुम्ही पाहिला आहे, हे नंतर मुलाला सांगा.

नियम दोनच लक्षात ठेवा. पक प्रतिस्पर्ध्याच्या निळ्या रेषेपलीकडे, म्हणजे त्याच्या गोलाकडच्या भागात, जाण्याआधी आपला खेळाडू तिथे जाऊ शकत नाही, हा ऑफसाइडचा नियम. मधल्या लाल रेषेच्या आपल्या बाजूने मारलेला पक कोणाचाही स्पर्श न होता पलीकडच्या गोलरेषेपार गेला, तर खेळ थांबवून तो परत आपल्याच गोलाजवळ आणतात, हा आयसिंगचा नियम.

संघाच्या प्रगतीची माझी आवडती मोजपट्टी म्हणजे ‘ब्रेकआउट’, म्हणजे आपल्या गोलाजवळचा पक पास देत देत निळ्या रेषेबाहेर काढणे. बचावपटू गोलामागून पक उचलतो आणि कडेच्या फळीपाशी उभ्या असलेल्या विंगरला (कडेने खेळणाऱ्या आघाडीच्या खेळाडूला) देतो. विंगर तो मधून वेग घेत येणाऱ्या सेंटरकडे सरकवतो. सांगायला सोपे आहे, पण यात तीन मुलांनी एकाच वेळी योग्य जागी असावे लागते. दहा प्रयत्नांत किती वेळा पक पासांनी बाहेर आला, ते लिहून ठेवा. यू११च्या वर्षी माझ्या वहीत ऑक्टोबरमध्ये दहापैकी दोन अशी नोंद आहे आणि फेब्रुवारीत दहापैकी सहा. त्याच जानेवारीत आम्ही सलग तीन सामने हरलो होतो आणि मुले कपडे बदलण्याच्या खोलीतून मान खाली घालून बाहेर येत होती. ती वही हातात नसती, तर मलाही संघ मागे पडतो आहे असेच वाटले असते.

प्रशिक्षकांच्या पांढऱ्या फळ्याकडेही लक्ष असू द्या. सुरुवातीला एकेक सराव समजावून सांगायला तीन-चार मिनिटे जातात, तरी पहिली दोन मुले चुकीच्या दिशेने निघतात. पुढे अर्ध्या मिनिटात सांगून होते आणि रांगा आपापल्या जागी लागतात. वाचलेली ती मिनिटे मुलांना खेळायला मिळतात. तसेच, बर्फाच्या एका तुकड्यावर तीन विरुद्ध तीन असे छोटे खेळ लावले, तर ‘हे नुसते खेळवत आहेत’ असा समज करून घेऊ नका. लहान जागेत पकाशी संबंध वारंवार येतो आणि निर्णय पटकन घ्यावे लागतात, म्हणून ते मुद्दाम लावलेले असतात.

गोलरक्षकाला किती गोल झाले ते मोजू नका. गुडघ्यांवर बसल्यानंतर तो पुन्हा पायांवर किती लवकर येतो आणि दुसऱ्या फटक्यासाठी वळतो का, एवढेच पाहा.

मधेच घसरण दिसली तर

प्रगती सरळ रेषेत होत नाही. कालपर्यंत छान थांबणारे मूल आज सारखे पडत असेल, तर आधी पात्यांना नुकतीच धार लावली आहे का, ते विचारा. ताजी धार बर्फात रुतते आणि आडवे घसरणे अवघड करते. दोन सरावांनंतर हे ठीक होते, नाही झाले तर दुकानदाराला धारेची खोली कमी करायला सांगा. उंची झपाट्याने वाढली, नवे स्केट आले किंवा स्टिकची लांबी बदलली, तरीही काही आठवडे सगळे विस्कटल्यासारखे दिसते.

कधी मूल मनानेही खचते. ‘आपल्यातले कोणी हे खेळत नाही’ असे माझ्या मुलाने एकदा कारमध्ये रडवेल्या आवाजात म्हटले होते. मी त्याला लडाखविषयी सांगितले. तिथल्या मुली गोठलेल्या तलावांवर, हिवाळ्याच्या मोजक्या आठवड्यांत सराव करून पुढे आल्या, आणि ज्या भारतीय संघात बहुतांश लडाखी मुली आहेत त्या महिला संघाने २०२५ साली संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन येथे आशिया चषकात कांस्यपदक मिळवले. पुढचे कितीतरी दिवस तो त्या सामन्यांची दृश्ये शोधून पाहत होता.

परतीच्या वाटेवर आणि प्रशिक्षकांशी बोलताना

कारचे दार लागताच खेळाची चिरफाड सुरू करू नका. खायला काहीतरी द्या आणि घरी गेल्यावर ‘आज कोचने काय शिकवले ते मला समजावून सांग’ असे म्हणा. आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर चार वाट्या खेळाडू होतात, लिंबाची बी पक होते आणि मुलगा विंगरने कुठे उभे राहायचे ते दाखवतो. त्याला समजावून सांगता आले नाही, तर ते त्याला अजून नीट कळलेले नाही, हे तुम्हाला न विचारता समजते.

हाउस लीगचे बहुतेक प्रशिक्षक स्वतः पालकच असतात आणि विनामोबदला वेळ देतात. तक्रार असली, तरी सामन्यानंतर चोवीस तास थांबूनच बोलावे, हा इथला सर्वमान्य रिवाज आहे. एका हंगामात अटीतटीच्या सामन्यांत मोजक्याच मुलांना शेवटी बर्फावर पाठवले जाते असे मला वाटले आणि मी त्याच रात्री रागाने मेल लिहिला. मुद्दा रास्त होता, पण त्या मेलच्या भाषेमुळे पुढचे दोन महिने आमच्यात मोकळे बोलणे उरले नाही. भेटीला जाताना वही सोबत न्या आणि प्रश्न असा विचारा: ‘उजवीकडे थांबणे अजून जमत नाही, घरी आम्ही काय करून घेऊ?’ या प्रश्नाला मला नेहमीच नेमके उत्तर मिळाले आहे, आणि ते बहुतेक वेळा गॅरेजमधल्या दहा मिनिटांच्या सरावाचे असते.

हंगामाच्या पहिल्या सरावात कोपऱ्यातल्या काचेपाशी उभे राहून दोन मिनिटांचे चित्रीकरण करून ठेवा आणि मार्चमधल्या शेवटच्या सरावात त्याच जागेवरून पुन्हा दोन मिनिटे करा. फक्त आपल्या मुलाचे नको, सगळ्या संघाचे करा, आणि ते पालकांच्या गटापलीकडे कुठे पाठवू नका. दोन्ही तुकडे मुलाबरोबर बसून, आधी आवाज बंद ठेवून आणि मग आवाजासह पाहा. त्यानंतर बॅगेतले सगळे सामान काढून दोन दिवस वाळवा, पाती कोरडी पुसून ठेवा, आणि नवे स्केट ऑगस्टच्या शेवटी पाय पुन्हा मोजूनच घ्या.